आडातलं पोहऱ्यात किती येतं? चाऱ्यातलं विष आणि दूध

'दुधात अफ्लाटॉक्सिन सापडलं' अशी बातमी अधूनमधून येते, दोन दिवस गाजते आणि विरून जाते. वाचणाऱ्याच्या डोक्यात मागे एकच शब्द उरतो: भेसळ. कोणीतरी, कुठेतरी, पैशासाठी दुधात काहीतरी कालवलं. पण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं तयार केलेलं एक विष, दुधात कोणी घालत नाही. घालून कोणाचा फायदाही नाही. त्यानं दूध दाट होत नाही, टिकत नाही, फॅट वाढत नाही. ते गाईच्या अंगातूनच आलेलं असतं. तिच्या गव्हाणीत जे पडलं, त्याचा एक अंश.

हे कळलं की माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जातो: म्हणजे गाय जे खाईल ते सगळं आपल्या पेल्यात? तसंही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण बरोबर आहे. पण आडात आहे ते सगळंच पोहऱ्यात येतं असं काही ती म्हणत नाही. चाऱ्यातल्या काही विषांचा दुधात जेमतेम माग लागतो, काहींचा शंभरातला एक-दोन भाग उतरतो, तर काहींचा चक्क तिसरा हिस्सा. सगळी मेख या फरकात आहे.

(गाय म्हणतोय ते सोयीसाठी. म्हैस, शेळी, मेंढी यांनाही थोड्याफार फरकानं हेच लागू.)

## कास म्हणजे भरलेली पिशवी नव्हे

कास हा कारखाना आहे आणि त्याचा कच्चा माल रक्तातून येतो. एक लिटर दूध तयार व्हायला साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरून जावं लागतं. आत द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात आणि प्रत्येक फुग्याला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. बाहेरून रक्त वाहतंय, आत दूध साचतंय, मधे फक्त हा एक थर. रक्तातली साखर, चरबी, कॅल्शियम, प्रथिनांचे घटक या पेशी उचलतात आणि त्यांचं दूध करून आत सोडतात.

म्हणजे चाऱ्यातल्या कोणत्याही नको असलेल्या पदार्थाला दुधापर्यंत पोचायला तीन नाकी ओलांडावी लागतात. पोटातून रक्तात, मग यकृतातून सहीसलामत पुढे, आणि शेवटी कासेतला तो थर.

पहिलं नाकं चांगलंच कडक असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि आलेला माल आधी त्यांच्या हाती पडतो. धान्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. डुकराच्या शरीरात ते सरळ आत शिरतं. गाईच्या पोटात मात्र त्यातलं बरंचसं हे सूक्ष्मजीवच मोडून टाकतात, म्हणून दुधात ते फारसं दिसत नाही. शिसं आणि कॅडमियम यांचीही दुधात उतरायची टक्केवारी अगदी किरकोळ. बहुतेक भाग शेणावाटे निघून जातो, आत शोषलं गेलेलं शिसं हाडांत आणि कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं. गाईच्या दृष्टीनं ही चांगली बातमी नाही. जुनी बॅटरी चाटून जनावर मरतं ते शिशानंच.

## पोत्याच्या तळाशी लागणारा गोळा

पेंडीच्या पोत्यात तळाशी, जिथे ओल धरते तिथे, कधीकधी मुठीएवढा एक गोळा हाताला लागतो. बाकीची पेंड सुटी, हा मात्र घट्ट. फोडला की कुबट वास येतो आणि हिरवट-पिवळी भुकटी बोटांना लागते. पुष्कळदा तो गोळा चुरून बाकीच्या पेंडीत मिसळला जातो. जनावर खाऊन टाकतं, वाया कशाला घालवायचा?

ती भुकटी म्हणजे अस्परजिलस फ्लेवस नावाच्या बुरशीचे बीजाणू. 'अ' आणि 'फ्ला' तिच्या नावातून उचलले आणि पुढे टॉक्सिन, म्हणजे विष, जोडलं की अफ्लाटॉक्सिन. हा शब्द जन्मला तो १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले त्यानंतर. आधी रोगाची साथ वाटली. शोधता शोधता बोट खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे गेलं.

गाय असा खुराक खाते तेव्हा त्यातलं बी-१ प्रकारचं अफ्लाटॉक्सिन यकृतात पोचतं. यकृताचं काम परक्या पदार्थाला पाण्यात विरघळेल असं करून बाहेर घालवणं. ते या रेणूला ऑक्सिजनची एक शेपटी जोडतं आणि तयार होतं एम-१. हा 'एम' चक्क 'मिल्क'चा आहे. (आणि 'बी' हा 'ब्लू'चा, अतिनील प्रकाशात ते निळं चमकतं.) पाण्यात विरघळायला लागल्यामुळे ते लघवीत जातं आणि त्याच न्यायानं दुधातही. गाईच्या शरीरानं स्वतःची सुटका करून घेतलेली असते. दूध पिणारा तिच्या हिशेबात नसतो.

आता आकडे. गाय दिवसाला १० किलो खुराक खाते आणि त्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे असं धरा. पोटात गेलं २०० मायक्रोग्रॅम. त्यातलं साधारण १ ते २ टक्के दुधात उतरतं. आपण २ धरू, म्हणजे ४ मायक्रोग्रॅम. गाय २० लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सची दुधासाठीची मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे हे दूध पास. युरोपीय संघाची मर्यादा आहे ०.०५. तिथे तेच दूध चौपटीनं नापास.

हेच गणित खुराकात ५ मायक्रोग्रॅम धरून पुन्हा करून पाहा. उत्तर बरोबर ०.०५ येतं. युरोपात दुभत्या जनावरांच्या खुराकाची मर्यादा ५ आहे ती उगाच नाही. फक्त एक अडचण: खूप दूध देणाऱ्या गाईत उतरण्याचं प्रमाण २ वर थांबत नाही, ६ टक्क्यांपर्यंत जातं. भरपूर रक्त फिरतं, भरपूर खुराक खाल्ला जातो, थराची ये-जा वाढते. जास्त दुधाच्या गाईला जास्त चोख खाद्य लागतं ते यासाठीही.

या विषाबद्दल एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. ते येतं झटकन, १२ ते २४ तासांत, आणि जातंही झटकन. खराब खुराक बंद केला की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं.

## चरबीचं बोट धरून येणारी

डायऑक्सिन (कचरा वगैरे जाळताना तयार होणारी विषं), पीसीबी (पूर्वी विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरायचे ती रसायनं), डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं ही वेगळीच जात. यांना पाणी आवडत नाही, चरबी आवडते. तेलाचा डाग नुसत्या पाण्यानं जात नाही तसे हे रेणू शरीरातून लघवीवाटे निघत नाहीत. यकृतही त्यांच्यापुढे फारसं चालत नाही. ते अंगातल्या चरबीत जाऊन बसतात, आणि चरबी जिथे जाईल तिथे तिच्यासोबत जातात. दुभत्या गाईच्या अंगातून रोज किलो-किलोभर चरबी बाहेर पडते, ती दुधातून. म्हणून सर्वांत विषारी डायऑक्सिनचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त दुधात उतरू शकतो.

इथे तीन-चार दिवसांचा हिशेब चालत नाही. चारा बदलल्यावर दुधातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच दीड-दोन महिने लागतात. शरीरातली चरबी म्हणजे बचत खातं. जमा थांबली तरी शिल्लक असते, आणि दूध त्यातून काढत राहतं. गाय नुकतीच व्यायली असेल तर खाल्लेलं दुधाला पुरत नाही, ती अंगातली चरबी झिजवते. मग कित्येक महिन्यांपूर्वी जमा झालेलं त्या दिवसांत भराभरा बाहेर येतं.

शिवाय हे पदार्थ येतात कुठून, हे ओळखणं कठीण. २००४ साली नेदरलँड्समध्ये नेहमीच्या तपासणीत एका गोठ्याच्या दुधात डायऑक्सिन वाढलेलं आढळलं. डायऑक्सिन म्हटलं की पहिला संशय जाळण्यावर, धुरावर. तिथे तसं काही निघालं नाही. मग खाद्य तपासलं आणि माग लागला बटाट्याच्या सालींचा. प्रक्रिया कारखान्यातल्या साली जनावरांना घालत होते. पण सालींत डायऑक्सिन कुठून? बटाटे निवडायला कारखाना पाण्यात बारीक माती कालवून ते दाट करायचा. जड, चांगले बटाटे बुडतात आणि हलके तरंगतात. ती पांढरट माती खाणीतून आलेली, आणि डायऑक्सिन तिच्यातच होतं. सालीला चिकटून ती गव्हाणीत गेली. माणूस सोललेला बटाटा खाऊन मोकळा. साल गाईकडे, आणि साल खाल्लेल्या गाईचं दूध परत माणसाकडे.

मातीचं आणखी एक टोक सांगायचा मोह आवरत नाही. बेंटोनाइट नावाची दुसरी एक माती खुराकात मुद्दाम मिसळतात, कारण तिच्या पापुद्र्यांत अफ्लाटॉक्सिन अडकून शेणावाटे निघून जातं. एक माती विष आणते, दुसरी विष बांधून नेते. 'माती' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

सगळ्यांत भयंकर प्रकार अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७३ साली घडला. एकाच कारखान्यात दोन भुकट्या तयार व्हायच्या: पशुखाद्यात घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड आणि प्लॅस्टिकनं पेट घेऊ नये म्हणून वापरायचं पीबीबी हे रसायन. दोघांची नावं सारखी वाटतील अशी. छापील पिशव्या संपल्या, साध्या पिशव्यांवर हातानं नाव उमटवून माल भरला गेला, आणि पीबीबीच्या काही पिशव्या खाद्याच्या गिरणीत पोचल्या. गाईंचं दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले. कारण उमगायला १९७४ चा वसंत उजाडला, तोवर दूध-मांस-अंडी घरोघरी खाऊन झाली होती. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुरल्या. ते पीबीबी त्या राज्यातल्या लोकांच्या रक्तात कित्येक दशकांनंतरही सापडत राहिलं. गाय निदान दुधावाटे ते कमी करते. माणसाला ती सोय फारशी नाही.

## तोतये

तिसरी तऱ्हा सर्वांत चलाख. कासेतल्या पेशी रक्तातून आयोडीन ओढून घेतात, कारण वासराला ते लागतं. त्यासाठी पेशीच्या भिंतीत खास दार असतं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ त्या दाराशी आलं तर दारवान त्याला ओळखू शकत नाही. रासायनिकदृष्ट्या ते आयोडीनच. सीझियम असंच पोटॅशियमच्या रांगेत घुसतं आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या.

ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर मात्र आसपासच्या गावांत दूध वेळेवर थांबलं नाही. हवेतून गवतावर, गवतावरून गाईत, आणि दोन-तीन दिवसांत दुधात. मुलांची थायरॉइड ग्रंथी लहान, दूध मात्र मोठ्यांइतकंच किंवा जास्त. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, त्या वेळी मुलं किंवा किशोरवयीन असलेल्यांत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि त्यातल्या मोठ्या हिश्शाचं कारण ते दूध मानलं जातं.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत हजारातला एक भाग उरतो. म्हणजे त्या दुधाचं चीज किंवा पावडर करून तीन महिने कुलपात ठेवली तरी प्रश्न मिटला असता. आधीच्या वर्षीचं, छपराखाली साठवलेलं वाळलं गवत गाईंना घातलं असतं तरी. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात; त्यावर नॉर्वेत वेगळाच तोडगा काढला. प्रशियन ब्लू हा चित्रकारांच्या पेटीतला गडद निळा रंग त्यांनी गाई, मेंढ्या आणि रेनडिअरच्या पोटात घातला. तो सीझियमला आतड्यातच धरून ठेवतो.

## उकळलं की जातं ना?

जिवाणू जातात. इथे मारायला काही जिवंत नाहीच. अफ्लाटॉक्सिन बनवणारी बुरशी कधीच मागे राहिली. दुधात आलाय तो नुसता रेणू, आणि तो पाश्चरीकरणालाच काय, उकळण्यालाही भीक घालत नाही. डायऑक्सिन मोडायला ८०० अंशांवर तापमान लागतं. उलट दूध आटवलं की पाणी उडतं आणि उरलेल्या दुधात त्याचं प्रमाण वाढतं.

## साय काढून टाकली तर?

कोणतं विष आहे त्यावर अवलंबून. डायऑक्सिन, पीसीबी सायीत असतात, म्हणून त्यांच्या मर्यादा लिटरवर नाही तर दुधातल्या चरबीच्या ग्रॅमवर लिहिलेल्या असतात. साय काढलेल्या दुधात ते फार कमी, लोण्यात भरपूर. अफ्लाटॉक्सिन एम-१ चं उलट. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून लोण्यात थोडं आणि चीजमध्ये मूळ दुधाच्या तिप्पट ते पाचपट. एकाच दुधातून एक विष लोण्याकडे जातं आणि दुसरं चीजकडे.

## रानात मोकळी चरणारी गाय तरी सुरक्षित?

बुरशीच्या बाबतीत बरीच. बाकी बाबतींत गवताचा पत्ता विचारावा लागतो. डायऑक्सिन मुळातून वर चढत नाही. ते धुळीबरोबर पानावर बसतं. जवळ कचरा जाळायची भट्टी असेल तर मोकळं चरणं हेच धोक्याचं. शिवाय चरणारी गाय गवताबरोबर मातीही गिळते, आणि जुनी कीटकनाशकं मातीत दशकानुदशकं टिकतात. हिरवंगार असणंही पुरेसं नाही. १९८२ साली हवाईतल्या ओआहू बेटावर दूध परत मागवावं लागलं, कारण गाईंना अननसाची कापलेली हिरवी पानं घातली होती आणि अननसावर मुंग्यांसाठी हेप्टाक्लोर फवारलं होतं. माणसांच्या वाट्याच्या फळाचा विचार झाला होता. पानांचा नाही.

## हजारो लिटरच्या टँकरमध्ये मिसळलं की पातळ होतंच की

होतं. एका गोठ्याचं खराब दूध पन्नास गोठ्यांच्या चांगल्या दुधात मिसळलं तर आकडा मर्यादेखाली जाईल. पण एका ओल्या हंगामात सगळ्यांचाच मका बुरशीला लागला तर मिसळायला चांगलं दूध आणायचं कुठून? शिवाय डायऑक्सिनसारखं अंगात साठणारं विष पन्नास घरांत थोडं थोडं वाटून ते कमी होत नाही, फक्त दिसेनासं होतं. मर्यादेबाहेरचा माल चांगल्यात मिसळून पास करायला युरोपीय संघाच्या कायद्यानं सरळ बंदी आहे, आणि मला ती पटते.

## मग दूध प्यायचं की नाही?

प्यावं. ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो म्हणजे किती, तर ६० वर्षांतला एक सेकंद. एम-१ हे बी-१ पेक्षा सुमारे दहापट सौम्य कर्करोगकारक धरतात. एका पेल्यानं काही होत नाही. प्रश्न रोजच्या पेल्याचा, वर्षानुवर्षांचा, आणि वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त दूध पिणाऱ्या लहान मुलांचा. कर्करोगकारक पदार्थाला 'याखाली शून्य धोका' अशी रेघ मारता येत नाही, म्हणून मर्यादा ठरवताना विज्ञानाबरोबर 'एवढं पाळणं शक्य आहे का' हेही बघितलं जातं. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियातल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन वाढलं आणि २०१३ मध्ये दूध ०.०५ च्या मर्यादेत बसेना. तेव्हा सरकारनं मर्यादाच तात्पुरती ०.५ केली.

## गाय हाच नमुना

अडवायचं ते गव्हाणीतच. मका १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवणं, पोती जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब ठेवणं, तो घट्ट गोळा चुरण्याऐवजी फेकणं. पण खाद्य तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत चार दाणे भयंकर आणि बाकी निर्मळ. मूठभर नमुना घेतला आणि ते चार दाणे मुठीत आले नाहीत, तर अहवाल स्वच्छ.

गाय मात्र मूठभर खात नाही, सगळं खाते. चघळून, घुसळून, रक्तात कालवून ती त्या सगळ्या पोत्याचा एकजीव नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत देते. म्हणून जाणते डेअरीवाले टँकरच्या दुधात कागदी पट्टी बुडवतात. काही मिनिटांत रेघ उमटते. ती नको तशी उमटली तर मागे वळायचं: टँकरवरून संकलन केंद्र, केंद्रावरून गोठा, गोठ्यावरून पोतं. गोठा सापडला की खुराक बदलतात आणि पाचव्या दिवशी त्याच गाईच्या दुधात पुन्हा पट्टी बुडवतात.